नौदल मोजायचं तर आधी गोदी बघा

चार डिसेंबरचा नौदल दिन जवळ आला की एक प्रश्न हमखास निघतो: आपल्या नौदलाकडे जहाजं किती? मग शेजाऱ्यांचे आकडे, विमानवाहू नौका, पाणबुड्या असा तक्ता फिरायला लागतो. त्या तक्त्यातून फारसं काही कळत नाही. आज रात्री हुकूम आला तर यातली किती जहाजं धक्क्याचे दोर सोडून निघू शकतील, पूर्ण वेगाने जाऊ शकतील आणि महिनाभर बाहेर राहू शकतील, हे विचारायला हवं. एसटीच्या आगारात गाड्या किती उभ्या आहेत यावरून कोकणात सकाळी किती फेऱ्या सुटतील ते ठरत नाही, तसंच हे आहे.

जगभरच्या नौदलांत एक ढोबळ हिशेब चालतो. एखाद्या ठिकाणी एक जहाज कायम ठेवायचं असेल तर ताफ्यात तीन लागतात: एक तिथे, एक जाण्यायेण्याच्या वाटेवर किंवा सरावात, एक दुरुस्तीत. ऑक्टोबर २००८ पासून एडनच्या आखातात आपलं एक जहाज चाचेगिरीविरुद्ध गस्तीला असतं. कागदावर ते एक जहाज दिसतं, पण त्यासाठी प्रत्यक्षात तीन गुंतलेली असतात. आणि त्या तिसऱ्याची दुरुस्ती लांबली की सगळी साखळी अडखळते.

१९७१ च्या युद्धाची कहाणी आपल्याकडे शौर्याच्या बाजूने सांगितली जाते. गोदीच्या बाजूने ती कुणी सांगत नाही, आणि तीच मला जास्त शिकवणारी वाटते. आपली विमानवाहू नौका विक्रांत ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टमध्ये नौदलात दाखल झाली. युद्धाच्या आदल्या वर्षी मुंबईत तपासणी करताना तिच्या बॉयलरच्या पाण्याच्या ड्रमना बारीक भेगा सापडल्या. वेल्डिंगने भागण्यासारखं ते काम नव्हतं आणि नवे ड्रम मिळत नव्हते. विमानवाहू जहाजावर वाफ नुसती जहाज पुढे ढकलणारे पंखे फिरवत नाही, विमान ढकलणारा कॅटापल्टही तिच्यावरच चालतो. शिवाय जहाज वाऱ्याच्या तोंडावर जितक्या वेगाने धावेल तितका डेकवर वारा मिळतो आणि विमान तितक्या सहज उचललं जातं. बॉयलरवर दाब कमी ठेवायचा म्हणजे जहाजाचा वेग आणि कॅटापल्टची ताकद या दोन्हींत तडजोड आली. अशा अवस्थेत विक्रांतला बंगालच्या उपसागरात नेलं गेलं. तिथे शत्रूचं हवाई बळ नगण्य होतं, त्यामुळे तिची सी हॉक आणि अलिझे विमानं कॉक्स बाजार आणि चितगाववर मारा करू शकली. बॉयलर धडधाकट असते तर ती कुठे असती, हा प्रश्न अजून रंगतो. पण तिच्या मोहिमेचा नकाशा एका मर्यादेपर्यंत बॉयलरच्या भेगांनी आखला होता, यात शंका नाही.

कराचीवर गेलेल्या क्षेपणास्त्र बोटींचंही तसंच. सोव्हिएत बनावटीच्या, साधारण दोनशे टनांच्या या बोटी १९७१ च्या सुरुवातीला मालवाहू जहाजांवर लादून आल्या. त्या उचलून पाण्यात ठेवणारी वजनदार क्रेन मुंबईत नव्हती, म्हणून कलकत्त्याला उतरवल्या आणि तिथून अख्खा द्वीपकल्प वळसा घालून ओढत मुंबईला आणल्या. एवढ्या लांब ओढत आणताना एक गोष्ट ध्यानात आली: या बोटींची टाकी लहान, त्या स्वतःचा किनारा राखायला बनवलेल्या, पण ओढत नेल्या तर दूरवर मारा करता येईल. पुढे ओढण्याचा रीतसर सराव झाला. ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या तिघी, सोबत किल्तान आणि कच्छल या दोन मोठ्या युद्धनौका, कराचीवर गेल्या. पाकिस्तानची खैबर ही विनाशिका आणि मुहाफिज ही सुरुंगशोधक नौका बुडाली. नौदल दिन त्या रात्रीचा आहे. त्या रात्रीच्या मागे एक नसलेली क्रेन आहे, हे मात्र भाषणांत येत नाही.

गोदीचा विचार आपल्या किनाऱ्याला नवा नाही. विजयदुर्गाजवळ, वाघोटण खाडीच्या काठी गिर्ये इथे मराठा आरमाराची खडकात कोरलेली गोदी आजही दिसते. भरतीला तारू आत घ्यायचं, तोंड बंद करायचं, ओहोटीला पाणी सोडून द्यायचं आणि तळाची कामं करायची. पंप नाही, सगळा भार चंद्रावर. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेहून लवजी नसरवानजी वाडियांना बोलावलं ते १७३५-३६ च्या सुमारास, आणि १७५० मध्ये इथे आशियातली पहिली म्हणवली जाणारी बांधीव सुकी गोदी तयार झाली. पुढे १८०७ ते १८१० मध्ये डंकन डॉक आलं. मलबारी सागवानातली इथली जहाजं ओकच्या जहाजांपेक्षा टिकाऊ ठरली. १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरवलेली ट्रिंकोमाली आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. मुंबईत लायन गेटच्या आतल्या त्या दगडी गोद्यांवर आजच्या नेव्हल डॉकयार्डचा वारसा उभा आहे.

स्वातंत्र्यानंतर जहाजं आली ती बहुतेक ब्रिटिशांची जुनी. दुसऱ्या महायुद्धातली अकिलिस १९४८ मध्ये आपली दिल्ली झाली. १९६० मध्ये सरकारने माझगाव डॉक ताब्यात घेतलं आणि तिथे लिअँडर जातीची फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, बांधायची ठरली. पहिली निलगिरी ऑक्टोबर १९६८ मध्ये पाण्यात उतरली आणि नौदलात आली जून १९७२ मध्ये. सांगाडा तरंगायला लागला की लोकांना वाटतं जहाज झालं. त्यानंतरची पावणेचार वर्षं केबल, पाइप, यंत्रं, तोफा आणि चाचण्यांत गेली. आजही प्रमाण फार वेगळं नाही.

आता सुक्या गोदीत जहाज घेतात कसं ते बघू, कारण बिघडण्याची जागा तिथे आहे.

पहिलं काम कागदाचं. प्रत्येक जहाजाचा डॉकिंग प्लॅन असतो. कीलची, म्हणजे जहाजाच्या तळाच्या कण्याची, रेषा, आतल्या फ्रेम (जहाजाच्या बरगड्या) आणि आडव्या भिंती कुठे आहेत, समुद्राचं पाणी आत घेणारी तोंडं कुठे, सोनारचा (पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या यंत्राचा) घुमट किती खाली येतो, हे सगळं त्यात. त्याप्रमाणे गोदीच्या तळावर मधोमध कील ब्लॉकची रांग लावतात: खाली काँक्रीट किंवा पोलाद, वर कठीण लाकूड, सगळ्यात वर मऊ लाकूड. मऊ लाकूड थोडं चेपलं जावं आणि भार सगळीकडे सारखा पडावा, यासाठी ते. बाजूचे ब्लॉक जहाजाच्या पोटाच्या गोलाईप्रमाणे कापावे लागतात. ब्लॉक फ्रेमखाली न येता दोन फ्रेमच्या मधल्या नुसत्या पत्र्याखाली आला तर पत्रा आत दबतो. सोनार घुमटाच्या जागी ब्लॉक राहिला तर काय होईल, ते सांगायला नको.

जहाजावरचा दारूगोळा आधीच उतरवलेला असतो. टाक्या एकतर काठोकाठ भरायच्या नाहीतर पूर्ण रिकाम्या करायच्या. अर्धवट टाकी नको, का ते पुढे येईलच. जहाज एका बाजूला कललेलं नको आणि नाळेपेक्षा, म्हणजे पुढच्या टोकापेक्षा, मागची बाजू किंचितच खोल हवी. मग भरती. मुंबईत उधाणाच्या भरती-ओहोटीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो आणि भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, तो बराच कमी होतो. खोल बुडणारं जहाज उंबरठ्यावरून न्यायचं तर पंचांग बघावंच लागतं. एक उधाण चुकलं तर पुढच्यासाठी पंधरा दिवस थांबा.

जहाज आत येतं, दोरांनी मधोमध धरतात, केसनचा, म्हणजे गोदीचं तोंड बंद करणारा, दरवाजा बसतो आणि पंप चालू होतात. धोक्याची वेळ पुढची. पाणी उतरतं तसं मागचं टोक आधी ब्लॉकला टेकतं. त्या क्षणापासून जहाजाचा थोडा भार पाण्यावर आणि थोडा लाकडावर. ब्लॉक खालून वर ढकलतो, आणि याचा परिणाम गुरुत्वमध्य वर सरकल्यासारखा होतो. जहाजाला सरळ ठेवणारी ताकद कमी कमी होत जाते, ती पूर्ण कील टेकेपर्यंत. मागची बाजू जितकी जास्त खोल, तितका हा काळ लांबतो आणि टेकलेल्या टोकावरचा जोर वाढतो. म्हणून डॉकमास्टर ट्रिमवर, म्हणजे पुढच्या-मागच्या खोलीतल्या फरकावर, इतका अडून बसतो. पूर्ण कील टेकली, डायव्हरने खाली जाऊन खात्री केली, बाजूचे आधार घट्ट झाले, की मग पुढे पंप.

बाहेर काढताना हेच उलट, आणि माझ्या मते जास्त अवघड. आत येताना जहाजाचं वजन माहीत असतं. वर्षभरात एखादं इंजिन बाहेर गेलेलं असतं, पत्रे बदललेले असतात, कुठल्या टाकीत किती पाणी आहे ते पुन्हा नोंदलेलं नसतं. ही वजनं किलोकिलोने आणि कुठे ठेवली त्या जागेसकट लिहिली गेली नाहीत, तर जहाज ब्लॉकवरून सुटताक्षणी एका कुशीवर जातं. म्हणून पाणी भरताना मध्ये थांबतात. समुद्री झडपा पाण्याखाली गेल्या की प्रत्येक झडपेपाशी एक माणूस उभा, टॉर्च घेऊन. थेंब दिसला तरी भरणं बंद. ५ डिसेंबर २०१६ रोजी मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डमध्ये बेतवा ही ३,८५० टनांची फ्रिगेट गोदीतून बाहेर काढण्याच्या कामात कुशीवर पडली. दोन नौसैनिक गेले. जहाज सरळ उभं करायला पुढचा फेब्रुवारी उजाडला.

गोदीत जहाज कोरडं झालं की तळ कळतो. अरबी समुद्राचं कोमट पाणी, त्यात बंदरात नांगरून राहिलेलं जहाज: शिंपल्यांचा आणि शेवाळाचा थर जाडच असतो. त्याने वेग घटतो, इंधन वाढतं आणि पाणी आत घेणाऱ्या जाळ्या बुजल्या की यंत्रं तापतात. उच्च दाबाच्या पाण्याने धुऊन, वाळूसारख्या कणांच्या माऱ्याने पोलाद जवळजवळ पांढरं होईपर्यंत साफ करतात. मग अल्ट्रासॉनिक मीटरने पत्र्याची जाडी मोजतात. जिथे ठरलेल्या मर्यादेखाली, तिथे पत्रा कापून नवा. कास्याचा पंखा आणि पोलादी तळ एकाच खाऱ्या पाण्यात म्हणजे आपसूक बॅटरी तयार होते आणि पोलाद झिजतं. ते वाचवायला जस्ताचे ठोकळे लावतात. ते पूर्ण झिजलेले असतील तर बदलायला उशीर झाला, अजिबात झिजले नसतील तर त्यांचा जोड तुटलाय. दोन्ही वाईट.

रंगाचा भाग साधा वाटतो आणि तिथेच वेळापत्रक फसतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर नको, आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त हवं. नाहीतर न दिसणारा दमटपणा रंगाखाली अडकतो आणि वर्षभरात फोड येतात. मुंबईत जून ते सप्टेंबर ही अट पाळायची म्हणजे मांडव, पडदे आणि हवा कोरडी करणारी यंत्रं. काम एप्रिलचं मेवर आणि मेचं जूनवर घसरलं की पावसाळा आडवा येतो आणि एका महिन्याचा उशीर चारचा होतो.

रिफिट, म्हणजे जहाजाच्या मोठ्या दुरुस्त्या, लांबतात त्याचं मोठं कारण असं की निम्मं काम उघडल्यावर कळतं. यादी करताना अमुक पाइप बदलायचे लिहिलेलं असतं. त्यामागचं आवरण काढलं की भिंतच गंजलेली. मग सुटा भाग मागवा. तो आयात असेल तर निर्मात्या देशाचं भविष्य आपल्याला भोवतं. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला तेव्हा एकाच जहाजाचे भाग बनवणारे कारखाने वेगवेगळ्या देशांत जाऊन पडले. २०२२ पासून तोच प्रकार दुसऱ्यांदा: माझगावात बांधलेल्या विशाखापट्टणम वर्गाच्या विनाशिकांना प्रत्येकी चार गॅस टर्बाइन आहेत, ती युक्रेनमधल्या मिकोलाइवच्या झोर्या कारखान्याची. सिंधुकीर्ती पाणबुडी २००६ मध्ये विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डमध्ये गेली आणि २०१५ मध्ये बाहेर आली. ठरलं होतं साधारण तीन वर्षांचं. पाणबुडीचं आयुष्य तीसेक वर्षं धरलं तर जवळपास एक तृतीयांश गोदीत. म्हणून मला नव्या जहाजाच्या जलावतरणापेक्षा पोलादाची बातमी मोठी वाटते. नव्या विक्रांतसाठी रशियन पोलाद वेळेवर मिळेना तेव्हा डीआरडीओ ही संरक्षण संशोधन संस्था आणि सेल ही सरकारी पोलाद कंपनी यांनी डीएमआर २४९ए हे पोलाद इथेच तयार केलं. पत्रा बदलायला आता परदेशाची वाट बघावी लागत नाही.

गोद्यांची क्षमताही वाढली आहे, उशिरा का होईना. विक्रमादित्यसारख्या ४४,५०० टनांच्या विमानवाहू जहाजाला मुंबईत जागाच नव्हती. तिला तळ साफ करायला कोचीन शिपयार्डमध्ये, व्यापारी जहाजांच्या रांगेत जावं लागे. २८ सप्टेंबर २०१९ रोजी नेव्हल डॉकयार्डमध्ये २८१ मीटर लांब, ४५ मीटर रुंद आणि १७ मीटर खोल गोदी सुरू झाली. कारवारच्या तळावर पाणी काढायची भानगडच नाही. तिथली शिपलिफ्ट दहा हजार टनांपर्यंतचं जहाज खालून उचलते आणि रुळांवरून बाजूला नेऊन ठेवते, म्हणजे एक जहाज अडकलं तरी दुसऱ्याची वाट मोकळी. मुंबईच्या जुन्या गोदीत हे सुख नाही.

आणि आग. समुद्रात जहाजावर आग लागली तर प्रत्येक कप्प्याचं दार बंद करता येतं आणि खलाशी पूर्ण संख्येने हजर असतात. रिफिटमध्ये दारांतून वेल्डिंगच्या केबल, हवेचे पाइप, तात्पुरते दिवे गेलेले असतात. दार लागतच नाही. जहाजाचे स्वतःचे पंप उघडून ठेवलेले. वेल्डिंग भिंतीच्या या बाजूला चालतं आणि पेट घेतं पलीकडचं आवरण. म्हणून नियम असा की पलीकडच्या कप्प्यात एक माणूस बसवायचा, टाकीजवळ काम असेल तर गॅस नसल्याचा दाखला घ्यायचा आणि काम संपल्यावर किमान अर्धा तास जागा सोडायची नाही. हा अर्धा तास जेवणाच्या सुट्टीत हमखास गळतो.

आग विझवतानाचा धोका वेगळा. एका होजमधून, म्हणजे आग विझवायच्या नळीतून, मिनिटाला ५०० लिटर धरलं तर तासाला ३० टन पाणी. दहा होज म्हणजे ३०० टन, तेही बहुतेक वरच्या मजल्यांवर. मोकळं पाणी जहाज कलेल त्या बाजूला धावतं आणि कल वाढवतं. हा परिणाम पाण्याच्या रुंदीच्या घनाप्रमाणे वाढतो: तेवढीच जागा मधल्या भिंतीने दोन भागांत विभागली तर प्रत्येकात तो आठवा भाग, दोन्ही मिळून चौथा. अर्धवट भरलेली टाकी नको म्हटलं ते यासाठी. ३० जानेवारी २०११ रोजी मुंबई बंदरात नौदलाच्या विंध्यगिरीला मालवाहू जहाजाची धडक बसली, आग लागली आणि दुसऱ्या दिवशी ती धक्क्यालाच बुडाली. २१ जुलै २०२४ च्या संध्याकाळी रिफिटमधल्या ब्रह्मपुत्रा या युद्धनौकेला आग लागली. सकाळी ती आटोक्यात आली आणि दुपारी जहाज डाव्या कुशीवर झुकून धक्क्याशी आडवं झालं. एक नौसैनिक गेला. आग विझवणाऱ्या पथकात एक माणूस फक्त कल मोजणारा आणि पाणी उपसण्याची जागा ठरवणारा हवा. त्याचा शब्द होजवाल्यांपेक्षा वर हवा.

हे सगळं नीट जमलं की काय हाती येतं, त्याचा नमुना मार्च २०२४ चा. रुएन हे मालवाहू जहाज सोमाली चाच्यांच्या ताब्यात होतं. आयएनएस कोलकाताने भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर त्याला गाठलं, सी-१७ विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो उतरवले गेले, आणि जवळपास ४० तासांनी १७ खलाशी सुटले, ३५ चाचे पकडले गेले. चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केलं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पी-३०५ हा तराफा बॉम्बे हायजवळ बुडाला तेव्हा आयएनएस कोची आणि कोलकाता त्या समुद्रात पोहोचू शकल्या, कारण त्या निघण्याच्या स्थितीत होत्या. यंत्रखोलीतली माणसं लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत तयार होतात; १९४५ पासून ती शाळा सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रापासून दूर, इंजिनं शिकवते आहे.

पाणबुडीची दुरुस्ती याहून कठीण, कारण तिथे माणसाला कोपर हलवायला जागा नाही. कलवरी वर्गाच्या एका पाणबुडीत ३६० बॅटरी सेल, प्रत्येक ७५० किलोचा. म्हणजे २७० टन नुसती बॅटरी, तीही एका अरुंद तोंडातून एकेक करून आत-बाहेर करायची. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की ठिणगी पुरते. म्हणून पंखे, मोजणी, पुन्हा पंखे. फेब्रुवारी २०१४ मध्ये रिफिटनंतर मुंबईजवळ चाचणीला गेलेल्या सिंधुरत्नमध्ये धूर कोंडला, दोन अधिकारी गेले आणि नौदलप्रमुख ॲडमिरल जोशी यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला.

आता माझगावात बांधलेल्या कलवरी वर्गाच्या सहाही पाणबुड्या दाखल झाल्या आहेत. २०१७ ची कलवरी पहिली, जानेवारी २०२५ ची वागशीर शेवटची. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांत हवेशिवाय चालणारी वीजयंत्रणा बसवण्याच्या कामाचा करार माझगाव डॉकशी झाला. ती बसवायची तर पाणबुडी मधोमध आरपार कापायची, नवा तुकडा घालायचा आणि दाब सहन करणारं कवच पुन्हा असं जोडायचं की गोलाईत काही मिलिमीटरचाही फरक राहू नये. वेल्डिंगचा प्रत्येक इंच क्ष-किरणांनी आणि अल्ट्रासॉनिकने तपासायचा, कापलेली प्रत्येक केबल आणि पाइप पुन्हा जोडायचा, वाढलेल्या लांबीप्रमाणे शिशाची वजनं हलवायची, आणि मग आधी उथळ पाण्यात बुडी. आणि हे सगळं त्या पाणबुडीच्या मोठ्या रिफिटची पाळी येईल तेव्हाच, कारण त्याआधी तिला एवढा काळ बाहेर ठेवणं ताफ्याला परवडत नाही.